शिकाऊ

आरटीओच्या गेटाबाहेर, फाटक्या छत्रीखाली शौकतचं टेबल.
कागद उडू नयेत म्हणून त्यानं वर ठेवलंय
जुन्या बुलेटचं गिअर.
त्या गिअरखाली मी:
वैजयंता बाळासो चौगले, वय सत्तेचाळीस,
राहणार जवाहरनगर,
व्यवसाय...
इथं त्याचं पेन थांबलं. "घरकाम लिहू?"
"डबे लिही," म्हटलं. "उद्यमनगरात अकरा डबे देतो मी. चालत."

(देतो. आमच्याकडं बायका देतो, जातो, येतोच म्हणतात.
शौकतनं मानसुद्धा वर केली नाही. तो इथलाच.)

"ओळखीची खूण?"
मनगटावरचा तेलाचा चट्टा दाखवला.
"अजून एक लागती, मावशी."
गुडघ्यावरची सांगितली नाही.
बाराव्या वर्षी थोरल्या भावाची सायकल घेऊन
गांधी मैदानात पडलो होतो मी,
आणि खपली धरायच्या आत
घरच्यांनी सायकल विकून टाकली.
"लिही, हनुवटीवर तीळ."

मग म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका, फॉर्मातच आहे,
अपघातात काय बरंवाईट झालं
तर अवयव दान करणार काय?
अरे बाबा, अजून किक मारायची शिकायची आहे.
"कर की," म्हटलं. "डोळे चांगले आहेत."

आत खिडकी नंबर चार.
अंगठा ठेवा. ठेवला. मशीन म्हणालं, पुन्हा.
पदराला पुसून ठेवला.
पुन्हा.
तीस वर्षं भाकरी थापली, पातेली घासली,
रेषा कुठं गेल्या कुणाला माहीत.
शेवटी खिडकीतल्या बाईंनी करंगळी मागितली.
करंगळीवर मी अजून होतो.

शेजारच्या कॉम्प्युटरवर अठरा वर्षांचं पोरगं,
केसांना कसलंतरी चकचकीत लावलेलं, सारखं पाय हलवत होतं.
पंधरा प्रश्न.

"पादचारी पट्ट्यांवर उभा असेल, तर तुम्ही..."
मी? मी तर तो पादचारी!
पार्वती टॉकीजच्या चौकात, दोन्ही हातांत पिशव्या,
तांबडा रस्सा सांडू नये म्हणून कोपरं वर धरून
किती वर्षं उभारलोय.
एक, हॉर्न वाजवाल. दोन, वेग वाढवाल. तीन, थांबाल.
बघितलेलं उत्तर एक आणि दोन.
दाबलं तीन.

"मागून रुग्णवाहिका आली, तर..."

बोट तिथंच राहिलं.
वर आकडे उलटे पळत होते, एकोणतीस, अठ्ठावीस.
त्या रात्री मी आत होतो.
बाळासोंचा हात माझ्या मांडीवर,
सीपीआर दिसत होतं,
आणि पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, टेपवर मोठ्यानं गाणं.
त्याला ऐकूच गेलं नसेल.
आता मी तसं म्हणतो.
अकरा. दहा.
डावीकडं घ्याल व वाट द्याल.
दाबलं. हिरवं झालं.
एवढंच होतं.

पंधरापैकी तेरा.
पोरगं नापास. बाहेर येऊन म्हणालं,
"मावशी, कुठला क्लास लावला होता?"
"चालायचा," म्हटलं, आणि त्याच्या हातावर
पिशवीतली शेंगदाण्याची चिक्की ठेवली.

कागदावर फोटो आलाय त्यात मी रागावल्यासारखी.
खाली छापलंय, शिकाऊ. मुदत सहा महिने.

बाळासोंची मोपेड अजून खताच्या पोत्याखाली.
पोतं ओढलं तर सीटवर चिमणीनं आणून टाकलेल्या काड्या,
हँडलला त्यांचा हातरुमाल, वाळून पत्र्यासारखा.
तो सोडवला नाही. त्याच्या बाजूनं पुसलं.

प्रणोतीनं ब्लाउजच्या तांबड्या तुकड्यातनं 'एल' कापला,
मी पिठाच्या खळीनं चिकटवला.
"आई, वाकडा लागलाय."
असू दे.
उद्या रविवार, डब्यांना सुट्टी.
सहाला गांधी मैदान मोकळं असतं.